दोनशे चौसष्ट सारखे तास

वहिनी : नाही भाऊजी, घरचं काही नाही. आई बऱ्या आहेत, ठकी शाळेत गेलीय. तुम्ही आधी खोलीचं दार लावून घ्या.

भाऊजी : दार? वहिनी, इथे धरणावर माझ्याखेरीज आहे कोण? मी, एक खुर्ची आणि एक पंखा. त्यात बोलतो तो पंखाच. बरं, लावलं. महिन्यातून एकदा फोन करायचा आणि तोही नेमका मी डबा उघडल्यावर. शहरात राहून फार शहाण्या झालात.

वहिनी : आज दहा वाजता भिंतीखालच्या बोगद्यातलं पाणी किती होतं?

भाऊजी : हे मला विचारता? यंत्र तुमचं, पडदा तुमचा. मोठ्या कचेरीत तुम्हाला जे दिसतं तेच मला इथे दिसतं. चौदा पूर्णांक दोन सेंटिमीटर.

वहिनी : काल दहा वाजता?

भाऊजी : चौदा दोन.

वहिनी : परवा?

भाऊजी : तेच. पाणी शहाण्यासारखं एका जागी बसलंय म्हणून कुणी चौकशी करतं का? पंधराला घंटा वाजते. पंधरा झालेलं नाही. सगळं हिरवं आहे.

वहिनी : अकरा दिवस कुठलं पाणी एका जागी बसतं, भाऊजी? तुमच्या माठातलंसुद्धा बसत नाही. थोडं उन्हानं उडतं, थोडं कुणी पितं. हे तर भिंतीतून पाझरून आलेलं पाणी. आणि त्यात एका दशांशाचा फरक नाही.

भाऊजी : मग यंत्र अडकलं असेल. चार थपडा मारतो त्याला.

वहिनी : यंत्र अकरा दिवसांपासून मुकं आहे. बोलतोय तो माझा प्रोग्राम.

भाऊजी : मला कळेल असं सांगा. आणि असं कुजबुजत का बोलताय?

वहिनी : जिन्यात उभी आहे. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर. लॅपटॉप वाळूच्या बादलीवर ठेवलाय. वर साहेब आहेत, त्यांना मी जेवायला जाते म्हणून सांगितलं. ऐका. बोगद्याच्या तळाशी जी पेटी आहे ती दर तासाला पाण्याची उंची मोजते आणि तुमच्या टेबलाखालच्या संगणकात एक छोटी फाईल लिहिते. ती फाईल तिथून उचलायची, क्लाउडवर नेऊन ठेवायची, क्लाउडवरून उतरवून कचेरीच्या सर्व्हरवर ठेवायची, एवढंच माझ्या प्रोग्रामचं काम. टपालवाल्याचं. पाकिटात काय आहे ते तो बघत नाही. वेळेवर पोचलं की झालं.

भाऊजी : हे मागे सांगितलं होतंत. ठकी मांडीवर झोपून गेली होती ऐकता ऐकता.

वहिनी : एक सांगितलं नव्हतं. गेल्या साली वारा सुटला की तुमच्याकडची लाइन जायची. तास रिकामा गेला की पडद्यावर त्या तासाचा चौकोन लाल. लाल दिसला की वरून फोन, बैठकीत आमच्या साहेबांची खरडपट्टी. शेवटी साहेब म्हणाले, एखाद्या तासानं काही बुडत नाही, पण तो लाल चौकोन मला दिसता कामा नये. मी एक ओळ घातली. नवी फाईल आली नाही तर आधीच्या तासाची घ्यायची, तिच्यावर नव्या तासाचं नाव घालायचं आणि पाठवून द्यायची.

भाऊजी : म्हणजे शिळं गरम करून ताजं म्हणून वाढायचं.

वहिनी : एका तासापुरतं. लाइन येईपर्यंत. पण असं किती वेळा करायचं, ते लिहायचं राहिलं माझं. त्याला कुणी थांब म्हटलं नाही. तो थांबला नाही.

भाऊजी : आणि हे आज उगवलं?

वहिनी : आज सकाळी. क्लाउडची जुनी जागा सोडून सगळं नव्या जागेत हलवत होते. ही नवी जागा प्रत्येक फाईलचा ठसा घेते, आपल्या अंगठ्याचा घेतात तसा. दोन फायलींचा ठसा एक निघाला तर त्यातली एकच ठेवते. हलवाहलव संपली आणि मोजल्या, तर दोनशे त्रेसष्ट कमी. मला वाटलं वाटेत सांडल्या कुठेतरी. शोधत बसले. सांडल्या नव्हत्या. दोनशे चौसष्ट नावं होती आणि ठसा एकच. अकरा दिवसांचे तास मोजा.

भाऊजी : मोजले.

वहिनी : पेटी मुकी व्हायच्या आधीचे तासही ऐका. अकरा एक. अकरा तीन. अकरा नऊ. बारा सहा. तेरा तीन. चौदा दोन.

भाऊजी : मग?

वहिनी : मग काही नाही. मग फक्त चौदा दोन. पंधराच्या उंबऱ्याशी येऊन उभं, आणि अकरा दिवस घंटा नाही.

भाऊजी : थांबा. पंखा बंद करतो.

वहिनी : भाऊजी?

भाऊजी : आहे. बोला.

वहिनी : मी धावत साहेबांकडे गेले. ते म्हणाले, घाबरतेस कशाला, हाताच्या मोजणीची वही आहे की. धरणावरचा माणूस आठवड्यातून दोनदा खाली उतरून पट्टी लावून मोजतो. त्यांनी वहीची पानं काढली, दर शुक्रवारी तुम्ही पाठवता ती. परवाची नोंद चौदा दोन. त्याआधीची चौदा दोन. म्हणाले, बघ, माणसाचा डोळा आणि यंत्र एकच बोलतायत, म्हणजे पाणी खरंच तिथे आहे. ती ओळ काढून टाक, त्या फायली पुसून टाक, आणि कुणाकडे बोलू नकोस.

भाऊजी : बरोबर आहे त्यांचं.

वहिनी : भाऊजी, पाणी हलतं. परवाचं आणि त्याआधीचं सारखं कसं?

भाऊजी : एकशे बारा पायऱ्या आहेत, वहिनी. उतरायला एकशे बारा, चढायला मात्र हजार. माझा गुडघा तुम्हाला माहीत आहे.

वहिनी : तुम्ही उतरला होतात का?

भाऊजी : यंत्र बसवलं त्या दिवशी आमचे साहेब स्वतः म्हणाले, आता तुझे हाल संपले.

वहिनी : उतरला होतात का?

भाऊजी : पहिले दोन महिने उतरलो. पट्टी लावायची, वर येऊन पडदा बघायचा. दर वेळी जुळायचं. इतकं जुळायचं की एकदा मनात आलं, जुळणारच आहे तर कशाला. त्या दिवशी पडद्यावर बघून लिहिलं. मग त्याची सवय झाली.

वहिनी : कधीपासून?

भाऊजी : ठकी पहिलीत गेली तेव्हापासून.

वहिनी : आता ती दुसरीत आहे.

भाऊजी : माहीत आहे मला ती कितवीत आहे ते. रोज संध्याकाळी पाढे मीच घेतो तिचे.

वहिनी : मी रागावत नाहीये. मला कुठल्या तोंडानं रागावता येईल? मला वाटायचं, माझं काही चुकलंच तर तुमची वही सांगेल.

भाऊजी : आणि मी म्हणायचो, वहिनींचं यंत्र आहे. चुकणार नाही, चुकलं तर बोंब मारेल.

वहिनी : बोगद्याची किल्ली कुणाकडे आहे?

भाऊजी : खिळ्याला टांगलीय. साहेबांना विचारावं लागतं आधी. थांबा, दुसऱ्या फोनवरून लावतो. आवाज करू नका.

वहिनी : लावा.

भाऊजी : झालं. ऐकलंत? कारकुनानं उचलला. साहेब बैठकीत. मी म्हटलं, बोगद्यात उतरायचंय. म्हणाला, पडद्यावर काही लाल आहे का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, मग बैठक कशाला मोडू, चार वाजता कर. आता पावणेदोन झालेत.

वहिनी : तुम्ही काय करणार?

भाऊजी : विजेरी शोधतोय. ही इथे असायची. हां. वहिनी, फोन कानाशीच ठेवा. साठाव्या पायरीपर्यंत मोबाइल लागतो, पुढे भिंत आवाज गिळते. साठच्या पुढे मी गप्प झालो तर घाबरू नका. खाली जाऊन, पट्टी लावून, परत साठाला येईपर्यंत धरा अर्धा तास.

(लोखंडी दार घासत उघडल्याचा आवाज. मग पायऱ्यांवर जपून उतरणारी पावलं.)

वहिनी : कितवी?

भाऊजी : अकरावी. हवा कोंदट आहे. पूर्वी इथे असा वास नव्हता.

वहिनी : कसला?

भाऊजी : नांगरलेल्या रानाचा. ओल्या मातीचा. वहिनी, तुम्ही काहीतरी बोलत राहा. नाहीतर मीच गातो.

वहिनी : गा.

भाऊजी : ठकीला झोपवताना म्हणतो ते. हसू नका. भिंतीच्या पोटी पाणी, पाण्याच्या पोटी गाणी, गाण्याच्या पोटी कोण निजलं, सांग गं शहाणी. एकवीस, बावीस. ती दर वेळी वेगळं उत्तर देते. परवा म्हणाली, काका, तुझा पगार निजलाय.

वहिनी : माझी पोर कुठून शिकते हे?

भाऊजी : तिच्या आजीकडून, आणखी कुठून. एकतीस. इथे भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. पाझर नेहमी असतो, पण तो डाव्या अंगाला. हा उजव्या अंगाला आहे. छत्तीस.

वहिनी : पाणी उपसणाऱ्या खालच्या पंपाचा आवाज येतो का?

भाऊजी : नाही. मी मघापासून तोच कान देऊन ऐकतोय. बेचाळीस. त्रेचाळीस.

वहिनी : मागे फिरायचं असेल तर फिरा.

भाऊजी : साठपर्यंत तुमचा आवाज आहे ना, तोवर मला काही नाही. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास.

वहिनी : भाऊजी?

भाऊजी : पाणी आहे.

वहिनी : कुठे?

भाऊजी : इथे. माझ्या पायाशी. एक्कावन्नाव्या पायरीवर. खालच्या एकसष्ट पायऱ्या दिसत नाहीत. विजेरी मारली तर नुसतं काळं, आणि त्याच्यावर माझाच उजेड डुगडुगतोय. चौदा सेंटिमीटर म्हणे.

वहिनी : हात घालून बघा. स्वच्छ आहे का?

भाऊजी : तेच करतोय. बाबा या भिंतीच्या मजुरीवर होते. कधीही खालून वर आलो की ते आधी हेच विचारायचे. पाणी किती ते विचारायचेच नाहीत. स्वच्छ आहे का, एवढंच.

वहिनी : मग?

भाऊजी : ओंजळ सोडली तरी हातावर राहिलंय काहीतरी. मऊ आहे. पिठासारखं. वहिनी, ही भिंतीच्या गाभ्यातली चिकणमाती आहे. पाणी नुसतं झिरपत नाहीये, भिंत घेऊन येतंय बरोबर.

वहिनी : वर या. आत्ता.

भाऊजी : एक मिनिट. मी पन्नासाव्यावर उभा होतो ना? कोरड्यावर?

वहिनी : हो, तसं म्हणालात.

भाऊजी : चप्पल ओली झाली.

वहिनी : वर या, भाऊजी. बोलू नका, चढा. मी बोलते. मी एक पत्र लिहून ठेवलंय. मोठ्या कचेरीतल्या वरिष्ठांना, तुमच्या साहेबांना, पोलिसांना, आपत्तीवाल्यांना, सगळ्यांना एकदम जाईल असं. वाचते. पडद्यावर गेले अकरा दिवस दिसणारे आकडे खोटे आहेत. ते मी लिहिलेल्या प्रोग्राममुळे खोटे आहेत. दोनशे चौसष्ट फायली एकच आहेत, त्या मी पुसलेल्या नाहीत, सोबत जोडल्या आहेत. खाली माझं नाव आणि माझा हुद्दा. आता त्यात पायरी एक्कावन्न आणि गढूळ पाणी घालते.

भाऊजी : थांबा, पाठवू नका.

वहिनी : का?

भाऊजी : दम लागलाय. ऐका. हे पत्र गेलं की तुमचे साहेब काय करतील? वही काढतील. म्हणतील, ही बाई घाबरट आहे, धरणावरच्या माणसानं परवाच स्वतः मोजलंय, ही बघा सही. मग ते चर्चा करतील. तास दोन तास चर्चा करतील. माझी सही तुम्हाला खोटं पाडेल, वहिनी.

वहिनी : ते मला सुचलं होतं.

भाऊजी : मग लिहिलं का नाहीत?

वहिनी : कारण ते तुम्ही म्हणायला हवं होतं. मी कसं लिहिणार? माझी चूक ओळीची आहे, फार तर नोकरी जाईल. तुमची सही आहे. सहीला तुरुंग आहे.

भाऊजी : खाली वसाहतीत किती घरं आहेत?

वहिनी : भाऊजी.

भाऊजी : आपलं धरून सहाशे आहेत. मी मोजलीत, वरून बसून बसून. लिहा. धरणावरचा मोजणीदार खाली उतरला नव्हता. वर्षभर पडद्यावर बघून वही भरत होता. आज दुपारी उतरला, पाणी डोळ्यांनी पाहिलं, हातानं पाहिलं. माझं पूर्ण नाव घाला, बाबांच्या नावासकट. दीर आहे म्हणून लपवलं असं कुणी म्हणायला नको.

वहिनी : लिहिलं.

भाऊजी : वाचून दाखवू नका. पाठवा.

वहिनी : गेलं.

भाऊजी : मीही आलो वर. दारापाशी आहे. ऊन किती छान पडलंय, वहिनी. तलावावर बगळे उभे आहेत. कुणाला सांगून पटणार नाही.

वहिनी : भोंगा?

भाऊजी : त्याला हुकूम लागतो, साहेबांच्या सहीचा. पडद्यावर काय दिसतंय आता?

वहिनी : दोनची फाईल आत्ता उतरली. चौदा पूर्णांक दोन. हिरवं.

भाऊजी : बरं. मग हुकूम आला असं मी समजतो. तुम्ही फोन ठेवा आणि आईला लावा. दादाला लावू नका, तो गाडीवर असेल, घाबरून वेडंवाकडं चालवेल. आईला लावा.

* * *

आई : अगं ऐकू येत नाहीये, मोठ्यानं बोल. तो भोंगा कोकलतोय ना.

वहिनी : आई, हा नेहमीचा नाही. दर महिन्याला तपासणीसाठी वाजवतात तो नाही. तुम्ही कुठे आहात? घरातून निघा, ठकीला घ्या आणि टेकडीवर चला.

आई : निघालेली आहे मी. टेकडीच्याच रस्त्यावर आहे. ठकी आहे माझ्या हाताला. घे, ओढतेय बघ कशी, आजीला म्हातारी म्हणते वर.

वहिनी : तुम्हाला कुणी सांगितलं?

आई : सांगायला कशाला हवं? तपासणीचा भोंगा तीनदा होतो आणि थांबतो. हा थांबेना. मी कपडे वाळत घालत होते, तो पिळा तसाच टाकला आणि शाळेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, आजी, वरून कागद आल्याशिवाय मुलं सोडता येत नाहीत. मी म्हटलं, कागद येईल त्याच्या पायांनी, माझी पोर तेवढी द्या. तर त्या माझ्या पायांकडे बघायला लागल्या.

वहिनी : का?

आई : अनवाणी गेले होते. माझ्याही लक्षात नव्हतं. बाईंनी बघितलं आणि काही न बोलता जाऊन घंटा दिली. सगळी शाळा चालतेय माझ्यामागे. मोठी मुलं धाकट्यांना घेऊन. घरांतूनही निघतायत लोक. काही दारात उभे आहेत, विचारतायत, पाणी कुठे आहे, दिसत तर नाही.

वहिनी : त्यांना म्हणा, दिसेपर्यंत थांबू नका.

आई : म्हणतेय. हे बघ, कालच त्याला मी सांगितलं होतं, विहिरीला चार हात पाणी चढलंय आणि ते चहासारखं आलंय. जेवता जेवता म्हणाला, आई, वर सगळं हिरवं आहे, वहिनीच्या यंत्रावर. मग मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं.

वहिनी : माझं चुकलं, आई.

आई : ते बसून बोलू. आता चढ लागलाय, मला बोलवत नाही फार. शाळेच्या बाई विचारतायत, किती वर जायचं?

वहिनी : जाता येईल तेवढं. देवळाच्या, टाकीच्या, जे काही सगळ्यात उंच असेल त्याच्याही वर.

आई : बरं. आणि धाकटा कुठे आहे? त्याला म्हणावं, पुरे झालं आता, सगळे निघालेत. ये तू पण.

वहिनी : मी पाच वेळा फोन लावला. उचलत नाहीत.

आई : का उचलत नाही?

वहिनी : भोंग्याचं बटण दाबून धरावं लागतं, आई. सोडलं की भोंगा थांबतो.

आई : म्हणजे तो त्या भिंतीवरच बसलाय.

वहिनी : हो.

आई : वाजतोय तोवर आहे.

वहिनी : हो, आई.

आई : मग तू जरा गप्प राहा, बाई. मला ऐकू दे.